बाराशे पन्नासचा हिशेब

संहत आम्ल विरल करण्याचे गणित शाळेत एका ओळीत संपते. पहिली संहती गुणिले पहिले आकारमान बरोबर दुसरी संहती गुणिले दुसरे आकारमान. चारपैकी तीन आकडे दिलेले असतात, चौथा काढायचा. सूत्र खरे आहे आणि त्यामागचा विचारही साधा आहे: पाणी कितीही घातले तरी आतले आम्ल आहे तेवढेच राहते. पण या गणिताचा इतिहास पाहू गेले तर दिसते की त्यातला अवघड भाग गुणाकार कधीच नव्हता. अवघड होते ते पहिलाच आकडा हाती येणे, म्हणजे समोरच्या बरणीत किंवा कॅनमध्ये आम्ल नेमके किती आहे हे ठरवणे. पाठ्यपुस्तक तो आकडा देऊन टाकते. धंद्याला तो कमवावा लागला. हिंगोली जिल्ह्याची ओळख रसायनांसाठी नाही, कापूस, ज्वारी आणि आता हळदीसाठी आहे. अशा मुलखात हे गणित बॅटरीचे दुकान, दूध संकलन केंद्र आणि सरकीचे बियाणे या वाटांनी खेळत राहिले. या धंद्यांनी ते वर्गापेक्षा अधिक नेमके सांभाळले, कारण पहिला आकडा गृहीत धरण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती, असे माझे म्हणणे आहे.

हिंगोली हे जुने लष्करी ठाणे. निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिंजंटची पलटण इथे असे. 1903 मध्ये ती फौज ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली आणि ठाण्याचे महत्त्व ओसरले. कापसाची बाजारपेठ मात्र राहिली. 1912 मध्ये पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेज रेल्वे आली, तेव्हा हे गाव परभणी जिल्ह्यात होते. स्वतंत्र हिंगोली जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. अशा शेतीप्रधान मुलखात खनिज आम्ल बाहेरून येणार हे उघड आहे. महाराष्ट्रात गंधकाम्लाचा मोठा कारखाना उभा राहिला तो अंबरनाथला. धरमसी मोरारजी केमिकल कंपनीची स्थापना 1919 ची. बाहेरून आलेला माल कोणत्या बळाचा, हा प्रश्न त्या काळी आजच्यापेक्षा बिकट होता. शिशाच्या खोल्यांत तयार होणारे गंधकाम्ल साधारण दोन तृतीयांश बळाचेच निघे, ते आटवून तीन चतुर्थांशाच्या थोडे पुढे नेत. संपर्क पद्धतीचे आम्ल 98 टक्क्यांचे. दोन्हींना बाजारात गंधकाम्लच म्हणायचे. म्हणजे बाटलीवरचे नाव तेच, पण सूत्रातला पहिला आकडा निराळा.

ही अडचण केवळ इथली नव्हती, ती आम्लाच्या धंद्याबरोबरच जन्मली होती. जॉन रोबक याने 1746 मध्ये बर्मिंगहॅमला काचेच्या घुमटांऐवजी शिशाच्या खोल्या वापरून गंधकाम्ल स्वस्त केले. माल भरपूर निघू लागला तसे त्याचे बळ मोजण्याचे साधन हवे झाले. 1768 मध्ये फ्रान्समध्ये आंत्वान बोमे याने द्रवात तरंगणाऱ्या काचेच्या नळीवर अंशांची पट्टी आखली. द्रव जड तर नळी वर, हलका तर खाली. आम्ल पाण्याहून जड असल्याने नळी जितकी वर तितके आम्ल जास्त. पुढे रसायनज्ञांनी घनता आणि टक्केवारी यांचे तक्ते तयार केले. झुरिकच्या गेओर्ग लुंगे यांचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे तक्ते कारखान्यांत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. या शे-दीडशे वर्षांच्या खटपटीत गुणाकार शिकवण्यावर कोणी दिवस घालवले नाहीत. सगळी मेहनत पहिला आकडा मिळवण्यावर खर्ची पडली.

मराठवाड्यातल्या छोट्या गावांत ही तरंगती काच पोचली ती शिशाच्या बॅटरीबरोबर. गास्तों प्लांते याने 1859 मध्ये दाखवलेली ही बॅटरी आधी रेल्वेच्या डब्यांतले दिवे आणि मोटारी यांच्यामागून आली, मग ट्रॅक्टर, जीप आणि वीज नसलेल्या गावात टीव्ही चालवण्यासाठी घराघरांत गेली. तिच्यामागोमाग बाजाराच्या गावी बॅटरी चार्जिंगची दुकाने निघाली. या दुकानांची बखर कुणी लिहीत नाही, पण त्यांचे मुख्य हत्यार सगळ्यांना ठाऊक आहे: रबराचा फुगा लावलेली काचेची नळी, आत आकड्यांचा तरंगता काटा. कारागीर त्याला हायड्रोमीटर म्हणतो आणि वाचलेल्या आकड्याला ग्रॅव्हिटी. दशांशचिन्ह तो उच्चारत नाही. 1.250 म्हणजे बाराशे पन्नास, 1.180 म्हणजे अकराशे ऐंशी. पाण्याच्या सव्वापट जड असलेले हे बाराशे पन्नासचे मिश्रण वजनाने सुमारे 34 टक्के गंधकाम्लाचे असते.

ते तयार करायचे तर हिशेब असा होतो. एक लिटर मिश्रणाचे वजन 1250 ग्रॅम, त्यात 34 टक्के म्हणजे 425 ग्रॅम आम्ल हवे. 98 टक्क्यांच्या संहत आम्लाची घनता 1.84, म्हणजे त्याच्या दर मिलिलिटरमध्ये सुमारे 1.80 ग्रॅम खरे आम्ल. 425 ला 1.80 ने भागले की 236 मिलिलिटर आले. त्याचे वजन 434 ग्रॅम, तेव्हा पाणी 816 ग्रॅम, म्हणजे तेवढेच मिलिलिटर. एकास सुमारे साडेतीन. आता गंमत पाहा: 236 आणि 816 यांची बेरीज 1052 होते, पण मिश्रण भरते एकच लिटर. गंधकाम्ल आणि पाणी एकमेकांत मिसळताना आकुंचन पावतात. वजनांची बेरीज जुळते, मापांची जुळत नाही. शाळेतल्या सूत्रात 'पाणी घालून एक लिटर करा' असे म्हणतात ते याचमुळे. 'इतके पाणी मोजून घाला' असे म्हणत नाहीत. पण हा फरक वर्गात क्वचितच बोलून दाखवला जातो.

त्याहून मोठा घात टक्क्यांमुळे होतो. बाटलीवर 98 टक्के लिहिले आहे, आपल्याला 34 टक्के हवे. सूत्रात घातले की एका लिटरसाठी 347 मिलिलिटर आम्ल, असे उत्तर येते. गुणाकार निर्दोष आहे आणि उत्तर सपशेल चूक आहे. ही टक्केवारी वजनाची आहे आणि सूत्र आकारमानाचे. मधला घनतेचा दुवा गळाला. या हिशेबाने केलेले मिश्रण बाराशे पन्नासचे न होता साडेतेराशेच्याही पुढे जाते आणि त्यात बॅटरीच्या प्लेटांचे व त्यांमधल्या पडद्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. हायड्रोमीटर वापरणाऱ्याच्या हातून ही चूक घडू शकत नाही. त्याला टक्केवारीची व्याख्या सांगता येणार नाही कदाचित, पण त्याचे साधन मुळातच वजन आणि माप यांचे गुणोत्तर दाखवते. जो दुवा विद्यार्थी विसरतो तोच त्याच्या हातातल्या काचेवर कोरलेला असतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वाजवी आहे. काट्यावरचा आकडा वाचणे याला गणित म्हणायचे का? कारागीर थोडे आम्ल, थोडे पाणी असे करत काटा जागेवर आणतो. यात हिशेब कुठे आहे? नुसते भरताना पाहिले तर हे म्हणणे पटते. पण दुरुस्ती करताना पाहिले की पटत नाही. उन्हाळ्यात बॅटरीची पातळी उतरली तर चांगला कारागीर तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालतो, आम्ल नाही. उडून गेले ते पाणी. आम्ल आतच राहिले. हाच तर त्या सूत्राचा गाभा आहे, फक्त उलट्या बाजूने वाचलेला. दुसरा प्रसंग याहून कसोटीचा असतो. बॅटरी उतरलेली असते तेव्हा काटा अकराशे ऐंशीच्या खाली जातो. नवशिका तिच्यात आम्ल ओतून आकडा वर आणतो आणि काम झाले समजतो. प्रत्यक्षात आम्ल कुठे गेलेले नसते. ते प्लेटांवर शिशाच्या सल्फेटच्या रूपात बसलेले असते आणि चार्जिंगला लावले की परत द्रवात उतरते. मग वरून घातलेल्या आम्लाची त्यात भर पडून काटा तेराशेच्या दिशेने जातो. म्हणून जाणकार आधी चार्ज करतो, मग मोजतो. आम्ल किती आहे याआधी ते कुठे आहे हे विचारण्याची ही रीत म्हणजे राशी कायम राहते या तत्त्वाचा पाठ्यपुस्तकापेक्षा पक्का वापर आहे. कागदावर आकडेमोड झाली नाही एवढ्यावरून तिला गणितातून वगळता येणार नाही.

या हिशेबात मराठवाड्याचे ऊनही शिरते. थंड देशांत बॅटरीत 1.280 च्या आसपासचे आम्ल भरतात, कारण पातळ आम्ल कडाक्याच्या थंडीत गोठण्याचा धोका असतो आणि गारठलेले इंजिन फिरवायला जोर लागतो. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्नच नाही. उलट उष्णतेने प्लेटांची जाळी लवकर खाल्ली जाते. म्हणून उष्ण प्रदेशासाठी 1.240 ते 1.250 एवढेच बळ ठेवतात. शिवाय द्रव तापला की फुगतो आणि हलका होतो, त्यामुळे काटा कमी दाखवतो. भारतात संदर्भ तापमान 27 अंश सेल्सिअस धरतात आणि दर अंशामागे 0.0007 एवढी दुरुस्ती करतात. मे महिन्यात हिंगोलीत द्रवाचे तापमान 42 अंश असेल तर पंधरा अंशांची दुरुस्ती साडेदहा पॉइंट भरते. बाराशे चाळीस दिसले तर ते खरे बाराशे पन्नास. दुपारी काटा पाहून आम्ल वाढवणारा रात्री पस्तावतो. शाळेच्या सूत्रात तापमानाला जागा नाही. दोष सूत्राचा नाही; पण पहिला आकडा कुठल्या तापमानाला मोजला हे न विचारता ते वापरता येते, हा शिकवण्याचा दोष आहे.

आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नाही, हा नियम मात्र शाळेने आणि दुकानाने सारखाच जपला. त्यामागेही आकडेच आहेत. वरचे एक लिटर मिश्रण एका दमात केले तर सुटणाऱ्या उष्णतेने ते उकळीच्या आसपास तापू शकते. संहत आम्लात पाणी ओतले की हलके पाणी वरच राहते, ती सगळी उष्णता पातळ थरात कोंडते, पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते आणि आम्ल उडते. उलट केले तर जड आम्ल खाली बसत जाते आणि भोवतालचे भरपूर पाणी उष्णता वाटून घेते. धार बारीक ठेवायची, ढवळत राहायचे, निवू द्यायचे आणि मगच मोजायचे. मोजणी इथेही शेवटी येते.

दुधाच्या धंद्यात हीच उष्णता कामाला लावली गेली. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये निक्लाउस गेर्बर याने दुधातली फॅट मोजण्याची जी रीत काढली, ती भारतात संकलन केंद्रापर्यंत पोचली आणि दूध उत्पादकाचा भाव ठरवू लागली. 'फॅट किती लागली?' हा प्रश्न महाराष्ट्रात गावोगाव विचारला जातो, त्याच्या मागे अनेक वर्षे हीच नळी उभी होती: 10 मिलिलिटर गंधकाम्ल, 10.75 मिलिलिटर दूध, 1 मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. आम्ल दुधातल्या पाण्याने विरल होते, निम्म्याहून थोड्या अधिक बळावर येते, आणि त्या विरलनाच्या उष्णतेने फॅट वितळून मोकळी होते. बाकीची प्रथिने विरघळतात, यंत्रात फिरवले की फॅट मानेपाशी जमते. पण त्यासाठी सुरुवातीचे आम्ल नेमके 90 ते 91 टक्क्यांचे, 27 अंशांना 1.807 ते 1.812 घनतेचे हवे. जास्त तीव्र असेल तर फॅट करपते आणि रेषेखाली काळे ठिपके येतात. कमी असेल तर दुधाचे पांढरे कण न विरघळता राहतात. दोन्हीकडे वाचन फसते आणि पैसे चुकतात. 98 टक्क्यांच्या लिटरभर आम्लाला इथे पाणी लागते फक्त दीडशे मिलिलिटर. बॅटरीतले विरलन ढोबळ चुका काही काळ सोसते. इथे चूक त्याच दिवशी उत्पादकाच्या खिशात दिसते. म्हणून केंद्रांवर तयार आम्लच आणण्याचा रिवाज पडला आणि पहिल्या आकड्याची जबाबदारी पुरवठादाराकडे गेली. आता ध्वनिलहरींवर चालणारी यंत्रे आली आहेत आणि त्यांना आम्ल लागतच नाही.

सरकीची गोष्ट माझ्या प्रतिपादनाला थोडी गैरसोयीची आहे, म्हणून ती टाळत नाही. जिनिंगनंतर सरकीवर राहणारी लव पेरणीत अडथळा करते. बिया एकमेकींना चिकटतात. पूर्वी शेतकरी सरकीला शेण-माती चोळून ती सुटी करत. 1970 मध्ये सुरतेला सी. टी. पटेल यांचे एच-4 हे संकरित वाण आले, पुढे नांदेडच्या संशोधन केंद्रातून एनएचएच-44 आले, बियाणे महाग झाले आणि एक-एक बी टोबायची वेळ आली. मग लव आम्लाने जाळून काढण्याची पद्धत पसरली: किलोमागे सुमारे 100 मिलिलिटर संहत गंधकाम्ल, दोन-तीन मिनिटे ढवळणे, बी कॉफीच्या रंगाचे झाले की भरपूर पाण्यात अनेकदा धुणे आणि उरलेला आम्लांश चुन्याच्या निवळीने मारणे. इथे हायड्रोमीटर निरुपयोगी ठरतो. गंधकाम्लाची घनता टक्क्यांबरोबर सरळ चढत नाही. 97-98 टक्क्यांपाशी ती शिखरावर पोचते आणि पुढे किंचित उतरते. 95 टक्के आणि 100 टक्के यांच्यात काटा जवळजवळ फरकच दाखवत नाही. म्हणजे काच सगळीकडे खरे बोलते असे नाही, हा आक्षेप मान्य करावाच लागतो.

पण त्या आक्षेपाने मूळ मुद्दा उलट पक्का होतो. जिथे एक साधन आंधळे होते तिथे धंद्याने दुसरी खूण शोधली: बियांचा रंग, घड्याळातली मिनिटे, धुतल्यावर तळाशी बसणाऱ्या भरीव आणि वर तरंगणाऱ्या पोकळ बिया. मोठ्या बियाणे कारखान्यांनी तर विरलनाचे गणितच उलटे फिरवले. ते सरकी सुमारे 10 टक्क्यांच्या आम्लात भिजवतात, जादा द्रव गाळून घेतात आणि गरम हवेत फिरवतात. पाणी उडते, आम्ल लवेवरच संहत होत जाते आणि लव ठिसूळ होऊन घासल्याने झडते. आम्लाची राशी तीच, पाणी कमी, संहती जास्त. बॅटरीवाल्याला उन्हाळ्यात नको असलेली गोष्ट इथे मुद्दाम घडवली जाते. सोनाराच्या कामातही बळाचे असे टप्पे असतात: सोन्यात तिप्पट चांदी मिसळून नत्राम्लाने ती काढून घेताना आधी पातळ आम्ल वापरतात, मग तीव्र, सुरुवातीलाच तीव्र वापरले तर सोन्याचा पत्रा तुटून भुगा होतो.

शेवटचा आक्षेप शाळेच्या बाजूने आहे आणि तो सर्वांत बळकट आहे. धंद्याचे ज्ञान एका कामापुरते असते. बॅटरीवाल्याला दुधाचे आम्ल करता येणार नाही आणि दूधवाल्याला सोनाराचे. सूत्र मात्र कुठल्याही आम्लाला लागू पडते. हे खरे आहे, आणि सूत्र टाकून द्या असे कोणी म्हणत नाही. रसायनशास्त्राची प्रयोगशाळाही मनातून धंद्याच्याच बाजूला असते. सुमारे 37 टक्क्यांचे, 1.18 घनतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल लिटरमागे 12 मोलचे, त्यातले 8.3 मिलिलिटर घेऊन लिटरभर केले की दशांश मोलचे द्रावण, असे सूत्र सांगते. पण प्रात्यक्षिकाच्या वहीत त्यापुढे 'साधारण' हा शब्द असतो, कारण उघड्या बाटलीतून या आम्लाचा वायू सतत निघून जातो आणि लेबलावरचा आकडा दिवसेंदिवस जुना होत जातो. गंधकाम्ल उलट हवेतली ओल ओढून घेते. म्हणून विद्यार्थी लिटरमागे 5.3 ग्रॅम कोरड्या सोडियम कार्बोनेटचे द्रावण करतो आणि त्याच्याशी अनुमापन करून आम्लाचे खरे बळ ठरवतो. म्हणजे प्रयोगशाळेतही पहिला आकडा दिलेला नसतो, काढलेला असतो. तो दिलेला असतो फक्त प्रश्नपत्रिकेत. दोन मार्कांच्या उदाहरणात घनता, तापमान आणि बाटली उघडल्याची तारीख यांपैकी एखादी गोष्ट जरी विद्यार्थ्याला विचारावी लागली, तर कॉलेज आणि कॉलेजसमोरचे बॅटरीचे दुकान यांच्यातले अंतर रस्त्याच्या रुंदीएवढेच उरेल.